किनार सोडून

आमची धाकटी नूतन सासरी गेली, त्याच उन्हाळ्यात माझ्या बायकोच्या, मालतीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे जमिनीवर झोपणं बंद. उधन्याच्या चाळीतल्या आमच्या खोलीत पलंग कधी नव्हताच. मी जाहीर केलं, ती घरी यायच्या आत पलंग तयार असेल, आणि तोही माझ्या हातचा! खोली एवढीशी, दार आत उघडणारं. भिंतीपासून दारापर्यंत नेमका बसेल असा पलंग बाजारात कोण देणार?

माझ्या मावसभावाचा, उखाचा, मुलगा योगराज कामरेजला फर्निचरचं काम करतो. त्यानं आपली विजेची करवत आणून दिली. ही करवत बुडी मारते. लांब ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठेवायची, दाबली की पातं प्लायवूडमध्ये उतरतं, आणि ढकलली की रुळावरच्या आगगाडीसारखी सरळ जाते. पट्टीच्या कडेला काळ्या रबराची किनार असते, पातं तिला लागूनच कापतं.

योगराज म्हणाला, "काका, ही किनार बरोबर रेघेवर ठेवा."

"अरे, जन्म गेला माझा लूमवर. तू मला किनार शिकवतोस?"

तो हसून कामावर गेला.

आता लूमवाल्या कुणालाही विचारा, कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, मोजताना किनार धरतात का? नाही धरत. किनार सोडून मोजायचं. म्हणून मी रबर सोडलं आणि ॲल्युमिनियमची कड रेघेवर ठेवली. फळ्या काय कापल्या गेल्या म्हणून सांगू! सुतासारख्या सरळ. प्रत्येक फळी बोटभर जास्त रुंद झाली होती, पण तीही इतकी सरळ की डोळ्याला पत्ताच लागला नाही.

भुसा उडतो म्हणून शेजारच्या शांताबाईंनी बोलून घेतलं. मी दार लावलं, पलंग भिंतीला टेकवून जोडला, स्क्रू आवळले आणि वर आडवा होऊन बघितलं. एकदम राजा! मग राजाला चहाची तलफ आली. दार ओढलं, ते जेमतेम बोटभर उघडलं आणि पलंगावर अडकलं. पलंग सरकवावा तर मागे भिंत. उचलावा तर तो बसलेल्या म्हशीसारखा, हलायचं नाव नाही.

तेवढ्यात खाली रिक्षा थांबली.

मुलगा संदीप आणि कामावरून आलेला योगराज मालतीला धरून वर घेऊन आले. शांताबाईंनी खुर्ची दिली. बघता बघता सगळी चाळ गोळा झाली. एकाचं म्हणणं दार तोडा, दुसऱ्याचं म्हणणं फायरवाले बोलवा, आणि शांताबाईंनी खिडकीच्या गजांतून मला ढोकळा दिला. मी तो खाल्लाही. पण मालतीचे टाके ओले होते. तिला पाय लांब करून पडायचं होतं, आणि पडायची जागा माझ्याबरोबर आत कोंडलेली होती. ती खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती.

योगराज खिडकीशी आला. "काका, किनार कुठे ठेवली होती?"

"सोडली."

"सोडली?"

"पन्हा मोजताना सोडतात ना."

तो बिचारा हसला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, फक्त खांदे हलत होते. मग वळून त्यानं शांतपणे समजावलं. फळ्यांची कड पायांच्या बाहेर आलेली आहे, तिथून जास्तीची पट्टी कापा. रबर रेघेवर. करवत तुमच्यापाशीच आहे. मी घाईनं करवत उचलली. तेव्हा बाहेरून मालतीचा आवाज आला, "घाई नका करू. मी बसते."

ज्या पलंगावर बसलो होतो तोच मी कापला. किनार रेघेवर ठेवली. पट्टी खाली पडली, दार उघडलं, चाळीनं टाळ्या वाजवल्या.

संदीपनं मालतीला अलगद निजवलं. तिनं पाय लांब केले, डोळे मिटले आणि ती म्हणाली, "तुमले काढाले माले दवाखानामाईन येनं पडनं."

मला बाहेर काढायला तिला दवाखान्यातून यावं लागलं, ते खरंच होतं. आणि योगराज, शांताबाई, ती खुर्ची, या सगळ्यांचे उपकार मी अजून मानतो. कापलेली पट्टी मालतीनं टाकू दिली नाही. दार उघडं राहावं म्हणून ती रोज दाराखाली सरकवायची. म्हणायची, तुमचा भरवसा नाही.

मालती गेल्या वर्षी वासी उतराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी वारली. त्याच पलंगावर, झोपेत. दाराखाली पट्टी होती.