बिवलकरकाकांचा बंब

सिंगापुरात थंडी वाजून घ्यायची असेल तर मॉलमध्ये जावं लागतं. बाहेर बारा महिने उकाडा. वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी काढला तर सकाळपेक्षा ओला लागतो. अशा या बेटावर, तोआ पायोहमधल्या आमच्या इमारतीत, आमच्या शेजारच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लाकडं जाळून खोली गरम करायचा एक ओतीव लोखंडाचा स्टोव्ह आहे. काळा कुळकुळीत, चार आखूड पायांचा, पुढे काचेचं दार. तो कधी पेटलेला नाही आणि पेटणारही नाही, कारण त्याला धुराडंच नाही. तरीही त्याचे मालक श्री. अरविंद बिवलकर दर रविवारी सकाळी त्याच्यासमोर पाट मांडून बसतात आणि कधीच काळी न झालेली त्याची काच पुसतात.

पुसायचीही पद्धत आहे. वर्तमानपत्राचा बोळा ओला करायचा, त्याला राख लावायची आणि काच गोल गोल घासायची. स्टोव्ह पेटत नसल्यामुळे राख कुठून आणायची, हा प्रश्न बिवलकरकाकांनी देवघरातून सोडवला. उदबत्तीची राख ते एका डबीत साठवतात. देवापुढे उदबत्ती लावतात ती भक्तीने की राखेसाठी, हे देवालाच विचारायला हवं.

मी त्या स्टोव्हला पहिल्या दिवसापासून बंब म्हणते. काकांना ते मुळीच आवडत नाही.

"मेधा, बंब पाणी तापवायला असतो. हा कमी धुराचा स्टोव्ह आहे. तत्त्व समजून घे."

'तत्त्व समजून घे' हे काकांचं लाडकं वाक्य. सगळी नोकरी बँकेत गेली, तीही दुसऱ्यांनी नियम पाळले की नाही हे बघणाऱ्या खात्यात. निवृत्त झाल्यावर बँकेने खुर्ची काढून घेतली, पण खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर खाली पोहोचेपर्यंत ते त्याला स्टोव्ह कसा निवडावा ते सांगतात. खोलीच्या मापाचा घ्यावा. मोठा घेतला तर हवा कोंडून तो मंद ठेवावा लागतो आणि मंद जळणारं लाकूड धूर करतं. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. जुना, स्वस्तातला घेऊ नये. आत धूर पुन्हा जाळण्याची सोय आहे ना, ते बघावं. ऐकणारा बिचारा एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात घामाने भिजलेला रुमाल घेऊन मान हलवत असतो.

हा स्टोव्ह आला तो दिवस इमारतीत अजून कोणी विसरलेलं नाही. ऑस्ट्रेलियातून जहाजाने आलेलं ते लाकडी खोकं चार माणसांनी लिफ्टमध्ये घातलं, तेव्हा लिफ्टने वर जायला नकार दिला. दोन माणसं बाहेर काढली तेव्हा ती कशीबशी हलली. पलीकडच्या मिसेस टॅन दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

"Uncle, this one for barbecue ah?"

"No, for heating."

मिसेस टॅननी आपल्या हातातल्या पंख्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं आणि हळूच दार लावून घेतलं.

स्टोव्हच्या मागोमाग एक यंत्र आलं. मुठीत मावेल एवढं, पुढे दोन टोकदार सुया. त्या लाकडात खुपसल्या की लाकडात ओलावा किती ते कळतं. ओलं लाकूड जाळणं हे काकांच्या मते सगळ्या पापांचं मूळ. आता सिंगापुरात जाळायचं लाकूड आणणार कुठून? मग त्यांनी दिसेल ते लाकूड टोचायला सुरुवात केली. टेबलं टोचली, खालच्या बागेतला बाक टोचला. एकदा आमच्याकडे चहाला आले आणि मी पाठ फिरवताच माझा पोळपाट टोचला.

"ओला आहे," ते म्हणाले.

"आत्ताच धुतलाय, काका."

"जाळण्याच्या लायकीचा नाही."

"त्याच्यावर मी पोळ्या लाटते. जाळायचा नाहीये."

"तत्त्व सांगतोय," काका म्हणाले आणि चहा संपवून निघून गेले. पोळपाटावरची ती दोन भोकं अजून आहेत. कणीक त्यांच्यात जाऊन बसते आणि दर वेळी मला ती टोचून काढावी लागते.

माझा नवरा संजय स्वभावाने गरीब आहे. तो म्हणायचा, "असू दे गं. माणसाला एखादा छंद हवा." मी म्हणायचे, छंद ठीक आहे, पण ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात; इथे तर काही जळतच नाही.

खरी चीड मला दुसऱ्याच गोष्टीची होती. काकांची एकुलती एक मुलगी ऋता टास्मानियात राहते. नवरा डॅनियल तिथलाच. त्यांना इरा नावाची चार वर्षांची मुलगी आहे, आणि ती छातीने नाजूक. तिथली थंडी, म्हणजे आपला मे-जून, सुरू झाली की ती खोकत राहते, म्हणून तिची आजी, आमच्या शैलाकाकू, दर हिवाळ्यात काही महिने तिकडे जातात. एकट्या. गुडघे दुखत असताना, विमानं बदलत. काका इथेच. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "फ्लॅटकडे कोणीतरी बघायला हवं." फ्लॅटला काय पाय फुटणार होते? मनातल्या मनात मी या माणसाला कधीच निकालात काढलं होतं. बायको नातीच्या छातीला तेल चोळते आणि हे इकडे लोखंडाला उटणं लावतात.

मेमध्ये आम्हा काही मराठी कुटुंबांनी मरीन परेडच्या बाजूला समुद्रकिनाऱ्यावर बार्बेक्यू करायचं ठरवलं. तिथे भाजायचे कट्टे भाड्याने मिळतात. काकू नुकत्याच टास्मानियाला गेल्या होत्या, म्हणून संजयने काकांनाही बोलावलं. कोळसा आम्ही नेला होता. पण काका कुठूनतरी वाळलेल्या लाकडांचं पोतं घेऊन आले आणि कट्ट्याचा ताबा घेतला.

"उलटं पेटवायचं," त्यांनी जाहीर केलं. "जाड लाकडं खाली, बारीक वर, आणि काडी सगळ्यात वर लावायची. खालून येणारा धूर ज्वाळेतून जातो आणि जळून जातो. तत्त्व समजून घ्या."

आमची सई सोळा वर्षांची आहे. तिने वाकून बघितलं. "Uncle, upside down already lah. Just use charcoal."

काकांनी तिला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. काडी लावली. आणि खोटं कशाला बोलू, लाकडं खरंच धुराशिवाय पेटली. मेणबत्तीसारखी वरून खाली सावकाश जळत राहिली. पण कणसं आणि पनीर भाजायला निखारे लागतात, आणि काका कोणाला त्या आगीला हात लावू देईनात. पोरं भुकेने रडकुंडीला आली. शेवटी संजय जवळच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून नूडल्सची पाकिटं घेऊन आला.

"धूर दिसला का कोणाला?" काकांनी विजयी मुद्रेने विचारलं.

"नाही दिसला, काका," मी म्हटलं. "जेवणही नाही दिसलं. आणि धुराची एवढी काळजी आहे तर नातीकडे जा की. काकू तिथे एकट्या जागरणं करतायत आणि तुम्ही इथे मोकळ्या हवेत धूर मोजताय."

सगळे नूडल्समध्ये तोंड घालून बसले.  या वेळी काकांनी तत्त्व सांगितलं नाही. विझत आलेल्या लाकडांवर त्यांनी पाणी ओतलं आणि पोतं घडी करून ते बसने एकटेच घरी गेले.

त्यानंतर काही आठवड्यांनी मला काकूंचा फोन आला. "अगं, हे नुसते ब्रेडवर राहतायत असं दिसतंय. एक डबा पोचवशील का?" मला काकूंना नाही म्हणता येत नाही. मी भात, आमटी आणि फरसबीची भाजी घेऊन संध्याकाळी शेजारी गेले. दार उघडंच होतं, फक्त बाहेरचं लोखंडी जाळीचं लोटलेलं होतं. हाक मारणार तेवढ्यात मला काकांचा आवाज ऐकू आला आणि मी थांबले, कारण तो काकांचा आवाज वाटेना. त्यात उपदेश नव्हता.

काका बंबापुढे जमिनीवर बसले होते. काचेचं दार उघडं, उजवा हात खांद्यापर्यंत आत. शेजारी स्टुलावर फोन टेकवून ठेवलेला. पडद्यावर अगदी तसाच एक स्टोव्ह, तशाच उघड्या दाराचा, आणि त्याच्यापुढे स्वेटर घालून गुडघ्यांवर बसलेली ऋता.

"घाई करू नकोस," काका सांगत होते. "स्टोव्ह पूर्ण गार आहे ना? मग हात वर घाल. स्टोव्हच्या आतल्या छताला एक आडवी पाटी लागेल. लागली?"

"लागली, बाबा. हलतेय."

"हलायला नको. साफ करून परत बसवताना ती खाचेतून सुटली असणार. वर काजळी साठून वाट बंद झाली, म्हणून धूर खोलीत येतोय. तुझ्या डाव्या हाताला, मागच्या बाजूला खाच आहे. थांब, मीही बघतो." त्यांनी आपल्या बंबात हात आणखी आत घातला, गाल लोखंडाला टेकवला, डोळे मिटले. "हं. बोटभर मागे. माझ्या हाताला लागली."

"मला नाही मिळत आहे. माझा हात पुरत नाही."

 मग पडद्यावर ऋता बाजूला सरकली आणि एक दाढीवाला उंच माणूस तिच्या जागी बसला. त्याने फोनकडे पाहिलं नाही. हात आत घातला आणि जरा वेळाने विचारलं, "Left side, at the back?"

काकांनी डोळे उघडले. "Yes," ते म्हणाले. मग म्हणाले, "Slowly. There is no hurry."

लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज फोनमधूनही ऐकू आला.

फोन बंद झाल्यावर मी आत गेले. काकांच्या हाताला काजळीचा कणही नव्हता, तरी ते तो पंच्याने पुसत होते. मी डबा टेबलावर ठेवला. मी काही विचारलं नव्हतं, पण ते आपणहून बोलायला लागले.

दोन वर्षांपूर्वी दोघंही तिकडे गेले होते. गाव दरीत आहे; हिवाळ्यात घराघरांतला धूर वर जात नाही, तिथेच बसून राहतो. डॅनियलकडे आजोबांच्या वेळचा जुना स्टोव्ह होता. सकाळपर्यंत ऊब राहावी म्हणून तो झोपताना त्यात ओलसर लाकूड भरून हवा बंद करायचा. इरा खोलीत खोकायची. एके दिवशी डॅनियलचे आईवडील जेवायला आले होते. त्यांच्यासमोर काका जावयाला म्हणाले, की तू रोज झोपेत माझ्या नातीला विष घालतोयस.

"बँकेत बोलायचो तसंच बोललो," काका म्हणाले. "मुद्दा बरोबर होता, मेधा. मुद्दा अगदी बरोबर होता."

डॅनियल ताटावरून उठून बाहेर गेला. निघताना ऋताने वडिलांना सांगितलं, पुढच्या वेळी फक्त आईला पाठवा. पुढे डॅनियलनेच नवा स्टोव्ह घेतला, तोही चांगला, खोलीच्या मापाचा. पण त्याची निगा कशी राखायची ते ऋताला समजेना आणि नवऱ्याला विचारलं तर तो चिडायचा. मग ती गुपचूप वडिलांना विचारू लागली. फोटो बघून काकांना नीट सांगता येईना, म्हणून त्यांनी तोच स्टोव्ह मागवला. दाराच्या कडेने हवा अडवणारी दोरी सैल झाली की कशी बदलायची, काच का काळी होते, कोणता स्क्रू कुठे, ते सगळं आधी स्वतः हाताने करायचं आणि मग मुलीला सांगायचं. काकू इराजवळ असायच्या. काका बंबाजवळ.

"खोकला कसा आहे तिचा?" मी विचारलं.

"या वर्षी कमी आहे म्हणते शैला." त्यांनी डबा उघडून आमटीचा वास घेतला. "फरसबी केलीस का? वा."

मी घरी येऊन संजयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तरी मी म्हणत होतो." तो यातलं काहीच म्हणत नव्हता, पण मी वाद घातला नाही.

जुलैच्या सुरुवातीला सकाळी आमची बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, हातात पासपोर्टची पिशवी.

"संजयकडे गरम कोट आहे ना? महिनाभर लागेल. डॅनियलने निरोप पाठवलाय. पुढच्या वर्षीची लाकडं आत्ताच फोडून रचायची आहेत, मदतीला या म्हणतो."

"अहो, मग छानच की," मी म्हटलं. "आहे कोट. थांबा, आणते."

"थांब जरा." ते दारातच उभे राहिले. पिशवीचा बंद त्यांनी दोनदा सोडला आणि बांधला. "तुला एक विचारायचं होतं. तू स्पष्ट बोलतेस, म्हणून तुलाच विचारतो. तिथे गेल्यावर मी काय काय बोलायचं नाही, ते मला सांगशील?"

मला उत्तराला कधी शोधाशोध करावी लागत नाही. इमारतीत कोणालाही विचारा. या वेळी मात्र मी दार पूर्ण उघडलं आणि म्हटलं, "आधी आत या, काका. बसा. चहा टाकते."

ते आत आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले, मुलाखतीला आल्यासारखे. मी कोट शोधायला आत गेले.