वाटणीतली डिक्शनरी

करणला इंग्रजी ‘पी’पासून पुढंच येणार होतं, आणि यात त्याचा काही दोष नव्हता. दोष वाटणीचा होता.

देवळाली प्रवऱ्यात त्याचे वडील सहादेव आणि चुलते आप्पासाहेब वेगळे झाले, तेव्हा रान, गाई, विहिरीच्या पाळ्या असं सगळं वाटून झाल्यावर ओट्यावर आजोबांची इंग्रजी-मराठी डिक्शनरी तेवढी उरली. दोघा भावांना इंग्रजीचा गंध नव्हता, त्यामुळं कुणीच माघार घेईना. पंचांना भूक लागली होती. घराण्याची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. सहादेव थोरला; त्यानं ऊसतोडीचा कोयता आणला. पुस्तक ऐन वेळी निसटलं आणि घाव ‘पी’च्या तोंडावर बसला. आप्पासाहेबांनी अर्थातच जाड वाटा उचलला.

पुढं करणचं लग्न कर्जतच्या मोनिकाशी ठरत आलं. मुलगी तयार होती, तिच्या वडिलांची मात्र एक अट होती. “आधी नोकरी दाखवा, मंग हळद.” सावेडीत एक नवं हॉटेल निघालं होतं, तिथं काउंटरवर बसायला माणूस पाहिजे होता. मुलाखत इंग्रजीत होती. करणनं मोबाईल काढला, तर सहादेवनं हिसकावून घेतला.

“चार्जिंग संपलं की अर्थ संपला. घरात वाट्याला आलंय ते वापर की!”

करण वाट्याला आलेलं पाठ करू लागला. पण ‘पी’ हे अक्षर संपतच नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुलाखत उद्यावर आली तरी तो ‘पी’तच होता; पुढची पानं नुसती चाळून झाली होती. संध्याकाळी सहादेव, करणनं मराठी अक्षरांत उतरवलेल्या शब्दांचा कागद घेऊन, पाठ ऐकायला बसला.

“पेशन्स?”

“धीर.”

“पेसिमिझम?”

“निराशा.”

“आं? निराशा आपल्या वाट्याला आली? आन् आशा?”

“होप. ती आप्पाकडं गेली.”

सहादेवनं कागद खाली ठेवला. “नोकरी?”

“जॉब. तोबी तिकडंच. राजीनामा आपल्याकडं हाय.”

“आरं, लगीन तरी?”

“मॅरेज तिकडं, वाइफ आपल्याकडं. पार मागं, डब्ल्यूत.”

“मरण?”

“डेथ. तिकडं.”

“चला,” सहादेव म्हणाला, “तेवढं तरी बरं झालं.”

एवढ्यावर काही मुलाखत होणार नव्हती. शेवटी करण आप्पासाहेबांच्या दारात गेला. “आप्पा, एका रात्रीपुरता तुमचा वाटा द्या. सकाळी परत आणून देतो.”

“दिला असता रं. पन आमचा आदिनाथ घेऊन बसलाय. त्याची उद्या सावेडीला मुलाखत हाय.”

करण आला तसा परत फिरला. निराशेचं इंग्रजी त्याला येत होतं, एवढंच काय ते समाधान.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात दोघे चुलतभाऊ शेजारी शेजारी बसले. मोबाईल बाहेर जमा झाले होते. आदिनाथचा ‘ए’सुद्धा अर्धाच झाला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वेळ वाचवायला मॅनेजर रविराजनी दोघांना एकदमच आत घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, की तुमच्यातला दोष कोणता?

“ॲरोगन्स,” आदिनाथ म्हणाला. “ॲपेटाइट.”

“पेसिमिझम,” करण म्हणाला. “पॉव्हर्टी. पेरेंट्स.”

मॅनेजर पाणी प्यायले. मग विचारलं, की गिऱ्हाईक चिडलं तर काय कराल?

“ॲपॉलॉजी!” आदिनाथ उभाच राहिला.

“पार्डन,” करण म्हणाला. “प्लीज. पेशन्स.”

“बास!” मॅनेजर एकदम मराठीत आले. “आपल्याकडं येणारी माणसं मराठीच बोलतात हो, इंग्रजी फक्त भांडताना काढतात. एवढं बोललात तरी पुष्कळ. दिवसाला एक, रात्रीला एक, दोघंही या. कोण कधी, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

पायऱ्यांवर येऊन घराण्याच्या रीतीनं वाटणी झाली. थोरल्याच्या पोरानं वाटे पाडले, एक दिवस, एक रात्र. धाकट्याच्या पोरानं दिवस उचलला.

“आरं, नाइट तुमच्याकडं हाय!” करण कळवळून म्हणाला. “एनमधी!”

“शब्द आमचा,” आदिनाथ म्हणाला, “शिफ्ट तुझी.”

नोकरी सुरू झाली. काही दिवसांनी, भर दुपारी, मोनिकाचे वडील न सांगता कर्जतहून येऊन ओट्यावर टेकले.

“लागली म्हनं नोकरी?”

“लागली की,” सहादेव म्हणाला.

“कुठं हाय?”

सहादेवनं बाजेकडं बोट दाखवलं. करण तोंड उघडं टाकून पडला होता. “ही काय. झोपलीया.”

“दिवसाढवळ्या?”

“रातची हाय ना.”

“रातची कुनाला दिसती, सहादेवराव? भावकीला काय सांगू, जावई लई कामाचा हाय, फक्त अंधारात या?” पाहुणे चप्पल शोधू लागले. त्यांचा आवाज चढत चालला होता.

करणची आई चांगुणा घाबरून बाजेकडं धावली. “उठ की रं मुडद्या, लगीन चाललं तुजं!” तिनं त्याला गदागदा हलवलं. करण डोळे न उघडताच उठून बसला. समोर कुणीतरी चिडलंय, एवढंच त्याच्या कानात शिरलं होतं. त्यानं हात जोडले.

“पार्डन. प्लीज. पेशन्स.”

आणि पुन्हा आडवा झाला.

चप्पल शोधणारा पाय थांबला. “काय म्हनाले हे?”

नोकरी लागली तरी पाठांतर चालूच होतं; रोज ऐकून सहादेवचाही ‘पी’ पक्का झाला होता. “माफ करा, म्हनला. कृपा करा, म्हनला. जरा धीर धरा, म्हनला.”

मोनिकाचे वडील हळूच परत खाली टेकले. त्यांनी बाजेकडं बोट केलं.

“झोपेत?”

“झोपेतच.”

“लग्नाआधीच एवढं पाठ हाय?” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मला निम्मं आयुष्य लागलं हो. वैनी, चहा टाका. हळदीचा दिवस धरू.”

करण घोरत होता. तो अजून डब्ल्यूपर्यंत पोचला नव्हता.