मेरी आणि मॅरी

नाताळच्या सकाळी दौंडच्या सत्यवानरावांच्या फोनवर शिरूरहून दबोराबाईंच्या इंग्रजीतून शुभेच्छा आल्या. सत्यवानराव रेल्वेतून निवृत्त झालेले, विधुर. दबोराबाई शिवणक्लास चालवणाऱ्या, विधवा. ओळख चर्चच्या मेळाव्यांतली. ती 'जेवलात का'च्या पुढं कधी गेली नव्हती.

"फेथ, ह्ये मेरी ख्रिसमसच हाय ना?" फोन दाखवत सत्यवानरावांनी लेकीला विचारलं. फेथ शाळेत इंग्रजी शिकवायची.

"नाही आप्पा. ई पाहिजे तिथं ए पडलाय. हे मॅरी झालं. मेरी म्हणजे आनंदी, ते विशेषण. मॅरी म्हणजे लग्न कर, ते क्रियापद."

"क्रियापद म्हंजी करायलाच लागतंय का?"

"आज्ञार्थ आहे," फेथ म्हणाली आणि केक कापायला गेली.

सत्यवानरावांना केक गोड लागला नाही. दोन दिवस त्यांनी तो मेसेज पुन्हा पुन्हा उघडला. तिसऱ्या दिवशी त्यांनी केस काळे करून घेतले.

"फेथ, घरात कुणी आलं तर तुला चालंल का?"

"पाहुणे? येऊ द्या की."

एवढा होकार त्यांना पुरला. इस्त्रीचा शर्ट घालून त्यांनी शिरूरची एसटी पकडली.

दबोराबाई मशीनवर ब्लाऊज शिवत होत्या.

"बाई, म्या इचार केला. माझी हरकत न्हाई."

"कशाला?"

सत्यवानरावांनी फोन पुढं धरला. बाईंनी वाचलं. "शुभेच्छाच हायेत की!"

मग सत्यवानरावांनी विशेषण सांगितलं. क्रियापदाला आले तेव्हा त्यांचे कान तापले होते. मशीन थांबलं.

"अगं बया! ह्योच मेसेज मी सगळ्या मंडळीला धाडलाय. चर्चच्या पाळकसाहेबांनाबी!"

"ते काय म्हनले?"

"सेम टू यू."

सत्यवानराव उठले. दाराशी जाऊन त्यांनी चपला पायात सरकवल्या. "माफ करा बाई. चुकून आलो. परतीची गाडी हाय."

दबोराबाईंनी दोरा तोडला, ब्लाऊज घडी करून बाजूला ठेवला आणि त्यांच्या काळ्याभोर केसांकडं पाहिलं.

"मेसेज सगळ्यांना गेला, सत्यवानराव," त्या म्हणाल्या. "पण इचार करून आलात तुम्ही एकलेच. ते हरकत न्हाई म्हनलात, ते अजून तसंच हाय का?"

 सत्यवानरावांनी चपला पुन्हा काढल्या.