वारंगा फाट्यावरचा बैरागी

सटवाजीने तुमच्यापुढे नुसता चहा ठेवला, तर काळजीचं कारण नाही. पण त्याने खांद्यावरचा पंचा झटकून बाकडं पुसलं आणि "आधी दोन घास खाऊन घ्या" म्हणाला, की खुशाल समजावं : घरचं कोणी गेलं, बैल मेला, नाहीतर कोर्टाचा निकाल विरुद्ध लागला.

वारंगा फाट्यावर त्याचं चहाचं छप्पर होतं. नांदेड, हिंगोली आणि वऱ्हाडात उमरखेड, तिन्ही वाटा तिथे भेटत. गाडीवान, मोटारीचे ड्रायव्हर, टपालवाला, सगळे त्याच्याकडे टेकत. त्यामुळे पंचक्रोशीतली बातमी ज्याची त्याच्या घरी पोचण्याआधी सटवाजीकडे पोचे. पुढे ती त्या माणसाला गाठून द्यायची, हे काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. नियम एकच. "रिकाम्या पोटी खबर न्हाई."

चांगली बातमी तो लांबूनच ओरडून सांगे. वाईट बातमीला मात्र दोन भाकरी आणि पिठलं. परिणाम असा झाला की लोक त्याच्या भाकरीला भिऊ लागले. हिंगोलीकडच्या गोरेगावचा एक कापडविक्या एकदा खरोखरच भुकेला येऊन भाकरी मागून बसला. पहिला घास तोंडाशी नेला आणि त्याचा चेहरा पडला.

"काहून हो सटवाजी, घरी काई झालं काय?"

"काई न्हाई. तुमीच मागितली ना भाकर."

"खरं सांगा!"

"आवो खरंच काई न्हाई."

तो इतक्या शांतपणे बोलला की घरी काहीतरी झालंय अशी कापडविक्याची खात्रीच पटली. गाठोडं तिथेच टाकून तो गोरेगावच्या वाटेला लागला. घरी सगळं ठीक होतं. उलट माल रस्त्यात टाकून आल्याबद्दल बायकोने जे ऐकवलं, ती त्या दिवसाची एकमेव वाईट बातमी, आणि तीही बिचाऱ्याने उपाशीपोटी ऐकली.

मी तेव्हा डोंगरकड्याला शाळामास्तर होतो. स्वभावाने उतावळा. पत्र आलं की पाकीट फाडताना आतला कागदही फाडणारा माणूस. मला या नियमाची विलक्षण चीड येई. "अरे, सांगून टाक ना एकदा!" म्हटलं, की सटवाजी शांतपणे म्हणे, "मास्तर, पोटात आधार पायजे. खबर आत जाऊन बसती. तिला बसाया काईतरी लागतं का न्हाई?"

हा नियम त्याने महाबळेश्वरहून आणला होता. कोवळ्या वयात दुष्काळात घर सोडून तो तिकडच्या एका जुन्या, मोठ्या हॉटेलात लागला आणि बावीस वर्षं तिथे बैरा, म्हणजे साहेबांना टेबलावर खाणं आणून देणारा नोकर, होता. साहेबलोक उन्हाळ्यात महिना महिना येऊन राहत. त्यांच्या तारा पहाटे येत, पण न्याहारी झाल्याशिवाय तार हातात द्यायची नाही, असा मॅनेजरचा हुकूम.

"तार खिशात, ट्रे हातात," सटवाजी सांगे. "सायबाचा भाऊ तिकडं इलायतेत मेला, आन साहेब हितं अंडं फोडून राहिला. हसून म्हनतो, बॉय, हवा छान हाय. मी म्हनतो, येस सर. मॅनेजरानं सांगितल्यालं म्हून मला ठावं, त्याला ठावं न्हाई. तकलीफ कोनाला? मला!"

आई एकटी पडली म्हणून तो गावी परतला. ‘काय करत होतास’ असं लोकांनी विचारलं, तर म्हणाला, "बैरा व्हतो." आमच्या लोकांनी जन्मात हॉटेल पाहिलं नव्हतं. त्यांनी ऐकलं ‘बैरागी’. डोंगरावर बावीस वर्षं, लग्न नाही, बोलणं मृदू. शंकेला जागाच नव्हती. बायका पाया पडू लागल्या. एकीने मुलाला अंगारा मागितला. सटवाजीने चुलीतली चिमूटभर राख दिली आणि वर "दूध गरम करून पाजा" असं सांगितलं. पोरगं बरं झालं. मग तर विषयच संपला.

हॉटेलातल्या सवयी त्याने फाट्यावर जशाच्या तशा चालू ठेवल्या. भाकरीच्या उजव्या हाताला चमचा ठेवी. त्या चमच्याने गाडीवान पाठ खाजवत. चिखलाने माखलेला माणूस दिसला की अदबीने वाकून "गरम पानी तयार हाय, साहेब" म्हणे आणि खरोखरच बादली आणून ठेवी. स्वतः कधी बसत नसे. "बैरा बसत नसतो." ऐन वैशाखात, वर पत्रा तापलेला असताना, तो तिथल्या धुक्याच्या गोष्टी सांगे.

"ढग घरात येतात म्हनता?" एखादा विचारी.

"खिडकी लावली न्हाई तर गादीवर येऊन बसतात. मंग मार्थाबाई वरडती, चादरी वल्ल्या झाल्या म्हून."

या मार्थाबाई हॉटेलातलं कापडचोपड सांभाळत. नगरकडच्या ख्रिस्ती विधवा, मिशनच्या शाळेत शिकलेल्या. पावसाळ्यासाठी हॉटेल बंद झालं की वर्षातून एकदा त्यांचं पत्र येई. सटवाजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून वाचायचं काम माझं. इतकी कोरडी पत्रं मी सरकारी कचेरीतही पाहिली नाहीत. ‘या साली बावीस चादरी फाटल्या. ब्लँकेटांना कसर लागली. धुके फार आहे. कळावे.’

"चादरी किती फाटल्या म्हनले?" डोळे मिटून ऐकणारा सटवाजी विचारी.

"बावीस."

"मागच्या साली अठरा व्हत्या," म्हणून तो दिवसभर काळजीत पडे.

उत्तरही मीच लिही. ‘इकडे ठीक आहे. ऊन फार आहे.’ मग तो बराच वेळ थांबे. "आनखी..." म्हणे. मी टाक उचलून वाट पाही. माझा जीव नुसता वरखाली होई. शेवटी तो म्हणे, "न्हाई, बराबर हाय. घाला सही." एकदा मी वैतागून विचारलं, "तिकडे परत काहून गेला नाहीस रे?" तो कप विसळत म्हणाला, "जागा भरली असंल आता." मला वाटलं, नोकरीचंच बोलतोय.

अठ्ठेचाळीस साली आमच्या भागात कोणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. निजामी राज्य शेवटच्या घटका मोजत होतं. गावोगाव धरपकड, जाळपोळ. माझा थोरला भाऊ निजामाविरुद्धच्या चळवळीत होता. एके दिवशी तो सरहद्द ओलांडून वऱ्हाडात निघून गेला, आणि महिना झाला तरी पोचल्याचा निरोप नाही. वाटेत गोळी लागली, असं कोणी म्हणे. तुरुंगात आहे, असं कोणी म्हणे. आईने अन्न टाकलं होतं. वहिनी माझ्या तोंडाकडे पाही, आणि मी तिची नजर चुकवून सायकल काढी. शाळा सुटली की रोज फाटा. चोरवाटेने येणारे गाडीवान काय सांगतात, ते ऐकायचं आणि तसंच परत यायचं. सटवाजी रोज नुसता चहा देई. तो चहा पाहूनच मला बरं वाटे.

आषाढातल्या एका दुपारी मी पोचलो, तर सटवाजीने पंचा झटकला आणि बाकडं पुसलं.

माझ्या हातातून सायकल पडली.

"आधी दोन घास खाऊन घ्या, मास्तर."

"सटवाजी, दादा आहे की गेला?"

"ताट केलंय."

"तुला हात जोडतो. एक शब्द सांग."

तो ताटाशेजारी खांबासारखा उभा. मी ओरडलो, शिवी दिली. तो हलला नाही. शेवटी हातात सापडेल ते मी तोंडात कोंबू लागलो. पिठलं पाण्याच्या घोटाबरोबर ढकललं. आईला कसं सांगू, एवढंच डोक्यात. ताट रिकामं करून त्याच्याकडे सरकवलं.

"बोल!"

"दादांचं बराबर हाय," तो म्हणाला. "उमरखेडला हायेत. काल एका गाडीवानानं सोताच्या डोळ्यानं पायले. चांगले खाऊन-पिऊन हायेत, धोतराचा जोड धाडा म्हनले."

मी आधी रडलो, मग हसलो, मग भयंकर चिडलो. "मेल्या, ही चांगली बातमी! ही तर तू लांबूनच सांगतोस!"

दादा जिवंत होता. त्या आनंदात सटवाजीच्या हातातलं पाकीट मला दिसलंच नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

"आज काई सुचून न्हाई राहिलं, मास्तर," तो म्हणाला. "हे सकाळी आलं. वाचनारा बी उपाशी नको, म्हून तुमाला बसवलं. अक्षर पहा. हे तिचं न्हाई."

पत्ता मोठ्या, उभ्या अक्षरात होता. मार्थाबाईंचं अक्षर बारीक, चादरीच्या घड्यांसारखं एकाला एक लागून. ज्याला ‘ग’ म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याने तेवढं ओळखलं होतं. मी पाकीट फाडायला बोट घातलं, तसा त्याने माझा हात धरला.

"आता न्हाई. माझं पोट रिकामं हाय." आणि मग, फार हळू, "आज तुमी वाढा."

तो बाकड्यावर बसला. इतक्या वर्षांत त्याला बसलेला मी प्रथमच पाहत होतो. पाकीट खिशात घालून मी टोपलीतल्या दोन भाकरी वाढल्या, पिठलं वाढलं. तो इवलाले घास करून खाऊ लागला. प्रत्येक घास बराच वेळ चावी. एक भाकरी संपली. दुसरी संपत आली. एरवी दिवसाकाठी एका भाकरीवर राहणारा माणूस. कपाळावर घाम आला होता, तरी तो थांबेना. तो जेवत होता तोवर पाकीट बंद राहणार होतं.

शेवटचा तुकडा हातात धरून त्याने विचारलं, "मास्तर, आनखी अर्धी असंल काय?"

टोपली रिकामी होती. ‘संपल्या’ एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्याच्याने म्हणवेना. मी पिठाचा डबा काढला आणि परात पुढे ओढली. आमच्या घरात पुरुष चुलीकडे फिरकत नसे. भाकरीचं पीठ कसं मळतात, हे मी कधी धड पाहिलंही नव्हतं.

"पाणी किती घालू रे?"

"थोडं थोडं घाला," सटवाजी म्हणाला. "घाई न्हाई."