डाळ कुठं लवकर शिजते

वैशाखातल्या एका सोमवारी सकाळी बाळकृष्णपंत देवासहून बैलगाडीनं निघाले. गाडीत त्यांची बायको सगुणाबाई, मी, अर्धं पोतं तूरडाळ, बाभळीच्या फाट्यांचा भारा आणि चुलीचे तीन दगड होते. दगडांवर डांबरानं एक, दोन, तीन असे आकडे घातले होते.

शतक नुकतंच पालटलं होतं. पंत मोजणी खात्यातून पेन्शनीत निघाले होते; मोजणं सुटलं नव्हतं. सगुणाबाईंच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, पोटात संक्रांतीपासून अन्न ठरत नव्हतं. चार घास गेले की उलटत. वैद्यांनी शेवटचं सांगितलं, "पावसाच्या आत पाणी पालटा. हलकं पाणी शोधून तिथं चार महिने राहा. नाहीतर पुढं मला बोलावू नका." चिखलानं रस्ते बंद व्हायला दीड महिना उरला होता.

ज्या पाण्यात डाळ लवकर शिजते ते पाणी हलकं, हे कुठल्याही स्वयंपाकघरात ठाऊक असतं. पंतांनी त्याचं खातं केलं. डाळ एकाच पोत्यातली, पातेलं तेच, ओंजळ त्यांचीच, फाटी तीच, दगड तेच. डाळीचा दाणा दोन बोटांत चिरडला की घड्याळ बघायचं आणि वेळ मांडायची. "डाळ खोटं बोलत नाही," असं ते दिवसातून पाच-सहा वेळा म्हणत. मी त्यांचा शेजारी. एका साप्ताहिकाला गावच्या बातम्या पाठवीत असे. पंतांना साक्षीदार हवा होता.

गाडीवान रामा दगड चढवून घामाघूम झाला होता.

"माराज, माळवा में भाटा की कमी हे कंई?"

"दगड बदलला की आच बदलते."

"आच बदली तो?"

"डाळ बदलते."

"इकडून दगडांची विचारपूस झाली असेल तर निघायचं का?" गाडीतून काकू म्हणाल्या.

पहिली चूल शिप्रेच्या काठी मांडली. पगडी, वही आणि घड्याळ पाहून गावचा पाटील हात जोडून आला. "हुजूर, अब पाणी पे बी लगान लागेगा कंई?" पंत मिनिटं मोजत होते. गप्प राहा म्हणून त्यांनी एक बोट वर केलं. पाटलानं त्याचा अर्थ घरटी एकच घडा असा लावला. डाळ शिजेपर्यंत गावातल्या बायकांनी हंडे, कळश्या, पराती, सगळं भरून ठेवलं होतं. आम्ही निघालो तेव्हा एक म्हातारा पाळणा भरता येईल का ते बघत होता. शिप्रेला सव्वा तास लागला, घरच्या विहिरीइतकाच. पंतांनी तिला नापास केलं.

धारला पंतांचे मामेभाऊ नानासाहेब राहत. त्यांनी पाहुण्यांसाठी पुरणाचा बेत केला होता. पंतांनी अंगणात दगड मांडले. धारच्या तलावाच्या पाण्याला एक तास वीस मिनिटं लागली. नानासाहेब तांबडे झाले.

"आमच्या पाण्याला नावं ठेवू नका. तुमची डाळच निबर आहे!"

"देवासची डाळ आहे."

"तेच म्हणतो मी!"

मग दुसरी चूल पेटली. एका पातेल्यात धारची डाळ, एकात देवासची. सगळी आळी भोवती जमली. दोघे भाऊ पातेल्यांत डोकावून आपापल्या डाळीला हाका मारीत होते. दोन्ही डाळी एकाच वेळी शिजल्या. नानासाहेबांनी पाहुण्यांना पुरण वाढलं, पण पंतांना वाढताना तुपाचं भांडं दोन थेंबांतच सरळ केलं. काकूंनी कढीचे दोन घोट घेतले. तेही ठरले नाहीत.

मांडूच्या रेवाकुंडावर खरजेचे रोगी आंघोळीला येत. पंतांनी काठावर चूल मांडताच पुजारी धावत आला. "प्रत्यक्ष रेवामाई इथं प्रकटली आहे!"

एक तास चाळीस मिनिटांनी पंत म्हणाले, "प्रकटली असेल. डाळीला कळवलेलं दिसत नाही."

पुजारी पातेलं उचलून कुंडात टाकायला निघाला. काकूंनी नारळ ठेवून त्याला शांत केलं आणि मग पदर तोंडाशी धरून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. पुढचा घाट त्या गाडीत आडव्या पडूनच उतरल्या.

शेवटी नर्मदेवरचं धरमपुरी. काकूंचं माहेर याच गावचं. पण माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून पंतांनी फक्त नदी धरली होती. नदीनं एक तास पन्नास मिनिटं घेतली. इतका वेळ कुणीच घेतला नव्हता.

"उद्या पुढच्या पाण्याकडे," पंत म्हणाले आणि मागं वळले. गाडीत काकू नव्हत्या.

काकू नदीघाटावरच्या एका घरात सापडल्या. ते घर त्यांच्या बालमैत्रिणीचं, यमुनाबाईंचं. यमुनाबाई विधवा, सून आणि नातींसह राहत. काकू पाटावर बसून वरणभात जेवत होत्या.

"सगे, किती वाळलीस गं! नाकापेक्षा नथ मोठी दिसतेय."

"तुझी जीभ मात्र होती तेवढीच आहे हो. वाढ आणखी."

पंत उंबऱ्याबाहेर थांबले. "वरण कुठल्या पाण्यातलं?"

"नदीच्या," आतून यमुनाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे दुसरं कुठलं?"

पंत पायरीवर बसले आणि त्यांनी घड्याळ काढलं. अन्न उलटायला एरवी पाव तासही लागत नसे. एक तास झाला. आत दोघी लहानपणी होडीतून पडल्याची गोष्ट सांगत होत्या. प्रत्येकीच्या मते दुसरीनं ढकललं होतं. दोन तास झाले. तिसऱ्या तासाला काकूंनी कैरीची फोड मागितली.

पंतांनी घड्याळ मिटलं.

"आमच्या घरी आम्ही दोघंच," ते म्हणाले. "त्यातला मी मोजत असतो."

घड्याळ खिशात टाकून ते माझ्याकडे वळले.

"देवासला लोक विचारतील. सांगा, नर्मदेचं पाणी हलकं निघालं."

"वहीत एक तास पन्नास मिनिटं आहे."

"वही कुणी मागणार नाही. तिला घरी करमत नव्हतं, अशी आळीत चर्चा नको."

यमुनाबाईंचं घर बायकांचं. तिथं काकूंची सोय होती, पंतांची नव्हती. दुसऱ्या दिवशी मी रामाबरोबर देवासला परतलो. लोकांनी विचारलं. पाणी हलकं निघालं, असं मी सांगितलं.

पाऊस संपून रस्ते वाळल्यावर रामा भाडं घेऊन तिकडे जाऊन आला. काकू दोन्ही वेळा जेवत होत्या. पंत घाटावरच्या धर्मशाळेत एकटे राहत होते. रोज सकाळी आणि संध्याकाळी ते यमुनाबाईंच्या अंगणात येत, काकू काय जेवल्या ते विचारत आणि परत जात.