डोंगरावरचं लाल लुगडं

तुलाराम बुटाच्या नाड्या बांधायला बसला, तेवढ्यात त्याच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी, चुलीपासून विचारलं, "कोणासंगं जाऊन राहिले?"

"कोणासंगंच नाही. एकटाच."

गावामागच्या मोठ्या डोंगरावर माणूस एकटा कशाला जाईल, हे बाईंच्या डोक्यात शिरेना. वर ना देव, ना शेत, ना हरवलेली म्हैस. पण तुलारामचं आयुष्य धानाच्या बांध्या तुडवण्यात गेलं होतं. एकदा त्या माथ्यावर उभं राहायचं आणि कुणी हाक मारायची नाही, एवढीच त्याची हौस होती. फोनसुद्धा तो खुंटीला टांगून निघाला.

"फोन नेला त एकटा कायचा?"

"अन् पडले-गिडले त मले कसं कळन?"

शेवटी तह झाला. त्याने वरून बाईंचं जुनं लाल लुगडं हलवायचं, त्यांनी छतावरून पाहायचं. दुपारपर्यंत लाल दिसलं नाही तर गाव घेऊन त्या वर येणार. "अन् मंग जिंदगीत एकटं जायाचं नाव काढाचं नाही!"

धापा टाकत, गुडघ्यांची मनधरणी करत तुलाराम माथ्यावर पोचला आणि जागीच थबकला. खाली पिवळ्या धानाचा मुलूख थेट आभाळाला टेकला होता. मध्येच तलाव चमकत होते. दोन शेतांमधल्या ज्या धुऱ्यासाठी चुलतभावाशी त्याने उभा जन्म वैर धरलं, तो धुरा काही केल्या सापडेना. तुलारामचे डोळे भरून आले. दगड तापला होता म्हणून थैलीतलं हाताला लागेल ते कापड अंथरून तो बसला, तो बसूनच राहिला.

इकडे छतावर सत्यभामाबाईंचा धीर सुटला. "लाल दिसून नाही राहिलं वो!"

शेजारीच राहणारा त्यांचा भाऊ गोपीचंद धावत आला. "पाय मोडला असन भाऊजीचा. खाट घ्या रे!"

खाट निघाली. मागून दोर, हळद-तेल आणि निम्मं गाव निघालं. झुडपांतून आधी खाटेचे पाय वर आले, मग गोपीचंदचं लालबुंद तोंड.

"भाऊजी! जित्ते हा ना?"

"हाव. काहून?" तुलाराम दचकून उठला. बुडाखाली अंथरलेलं ते लाल लुगडंच होतं.

ते पाहून सत्यभामाबाईंनी कंबर कसली, तोंड उघडलं, आणि त्यांची नजर डोंगराखाली गेली. शिव्या ओठांतच राहिल्या. त्यांनी हळूच विचारलं, "आपलं घर कोनतं?"

त्याने बोट दाखवलं.

"येवढंसं? अन् मी सारी जिंदगी त्यातच रायली?"

आरडाओरडा करत आलेलं गाव गुपचूप खाली बसलं.

उतरताना गोपीचंदच्या पायात गोळे आले. खाट त्याच्याच कामी आली.

"म्हंजे माह्यं एकट्याचं जाणं बंद?" तुलारामने वाटेत भीतभीत विचारलं.

"बंद म्हंजे बंद."

पुढच्या रविवारी त्याला जाग आली तेव्हा सत्यभामाबाई त्याचे बूट चढवत होत्या. काखेत शिदोरी, वर लाल लुगडं.

"कोणासंगं जाऊन राहिली?"

"कोणासंगंच नाही. तुमी छतावर बसा."

तुलाराम छतावर बसला. दुपार टळली, तरी लाल काही दिसलं नाही. गोपीचंद लंगडत खाट घेऊन आला.

"ठेव ते खाट," डोंगरावरची नजर न काढता तुलाराम म्हणाला. "थे बसली असन."