समन्वय समितीचा गुरुवार

माणसाला हृदय एकच असते, पण ते सांभाळायला माणसे अनेक लागतात. या अनेकांनी एकमेकांशी बोलावे, हे शास्त्राला जरा उशिरा सुचले. २००३ साली हिंगोलीतल्या एका दवाखान्याच्या हृदय-बाह्यरुग्ण विभागात समन्वय समिती स्थापन झाली. तीत डॉक्टर, औषधनिर्माता आणि आहारतज्ज्ञ होते. (आहारतज्ज्ञाचे पद रिक्त होते, हजेरी मात्र शंभर टक्के लागे.) समिती दर गुरुवारी बसे. बाह्यरुग्ण विभागही गुरुवारीच असे, कारण सगळे एकत्र सापडण्याचा दिवस तोच.

शिरड शहापूरची लक्ष्मीबाई अशाच एका गुरुवारी नवऱ्याला, जळबाला, जीपने घेऊन आली. महिनाभर त्याला गरगरत होते, दोनदा तो शेताच्या धुऱ्यावरच मटकन बसला होता. दोन खेपांपूर्वी नाडी मंद करणारी पांढरी गोळी दवाखान्यात संपली होती, म्हणून औषधखिडकीने गुलाबी दिली. पुढच्या खेपेला पांढरी आली, तीही दिली. गुलाबी बंद करा, असे सांगणे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

लक्ष्मीबाईने दोन्ही पट्ट्या नर्स निर्मलाबाईंपुढे धरल्या. "सिस्टर, मला वाचता येत न्हाई. पण दोन्हीवरचं बारीक अक्षर बराबर सारखं दिसून राहिलं. हे एकच गोळी दोनदा खाऊन राहिले का?"

"व्हय मावशी, एकच हाय. पण बंद करायचं डॉक्टरांनी सांगायला पायजे. ते समन्वयात बसलेत."

लक्ष्मीबाईला भीती वाटत होती, तरी ती दीड तास थांबली. मग जळबा बाकावरून खाली घसरला. नाडी बेचाळीस. निर्मलाबाईंनी त्याला आडवे केले, बैठकीचे दार वाजवले. विषय तातडीचा म्हणून समितीने तो अजेंड्यावर आठवा घेतला. आठव्याची पाळी येण्याआधीच निर्मलाबाईंनी अधिकार नसताना गुलाबी पट्टी काढून घेतली आणि डॉक्टरांना हाताला धरून बाहेर आणले.

जळबा तीन दिवसांनी चालत घरी गेला. निर्मलाबाईंकडे लेखी खुलासा मागवण्यात आला. वार्षिक अहवालात नोंद झाली : समन्वयामुळे वाचलेले रुग्ण, एक.

वाचकहो, हसू आले असेल तर जरूर हसा. तुमच्या आईच्या डब्यातही दोन डॉक्टरांच्या गोळ्या आहेत. तुम्हाला तर वाचता येते.